आईच्या फोनमधला देवदूत दर तीन मिनिटांनी का थांबतो?

पत्र (थोडक्यात): ताई, सलाम. मी पुण्यात नोकरी करते. आई श्रीरामपूरला एकटी राहते. वय ६९, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. पप्पा जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, पण घरात कधी भुताखेताचं, शकुन-अपशकुनाचं वातावरण नव्हतं. आता आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर व्हिडिओ बघते. त्यात पांढऱ्या झग्यातला देवदूत येतो आणि गोड मराठीत सांगतो की एआय म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं श्वापद, चेहरा स्कॅन केला की कपाळावर त्या श्वापदाची खूण बसली, एवढ्या-एवढ्या तारखेला विश्वासणारे वर उचलले जाणार. तो तिला 'माझ्या लेकी' म्हणतो. तिने २० किलो तांदूळ भरून ठेवलेत. हयातीच्या दाखल्यासाठी मी मोबाइलवर चेहरा स्कॅन करायला घेतला तर फोन हातातून ओढून घेतला. 'प्रार्थना-बीज' म्हणून तीनदा २,१०० रुपये पाठवलेत. मी हे सगळं खोटं असल्याच्या बातम्या दाखवल्या, तर म्हणाली, 'तुझ्या तोंडून सैतान बोलतोय.' माझा नवरा म्हणतो, फोन काढून घे. मी काय करू? – एक लेक

प्रिय लेकी,

सलाम. फोन काढून घेऊ नकोस. नवऱ्यालाही सांग की सासूबाई ३५ वर्षं पोरांच्या हातातल्या गोट्या आणि चिंचा काढून घेत आल्या आहेत. आपली वस्तू कशी लपवायची हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. दुसरा फोन येईल, शेजारणीचा येईल, आणि तू मात्र कायमची त्या देवदूताच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसशील. त्याला नेमकं तेच हवं आहे.

आधी हयातीच्या दाखल्याचं बघू, कारण नोव्हेंबर कुणासाठी थांबत नाही. आधारवर चालणारा डिजिटल दाखला २०१४ पासून आहे आणि चेहरा स्कॅन करायची सोय नंतर आली, पण ती सोय आहे, सक्ती नाही. कागदावरचा दाखला आजही चालतो. आई दरवर्षी जिथे जाऊन सही करत होती, बँकेत किंवा पंचायत समितीत, तिथे तिला घेऊन जा, अधिकाऱ्यासमोर सही करू दे, पोच घे, येताना भेळ खा. 'बघ, स्कॅन न करताही झालं की नाही' असं एक अक्षर बोलू नकोस. भीती खरी की खोटी हा वाद नंतर. पेन्शन थांबली तर जानेवारीत तो देवदूत म्हणेल, बघ, मी सांगितलं नव्हतं, खूण नसलेल्यांची खरेदी-विक्री बंद होणार म्हणून.

आता त्याच्याकडे वळू. तू पाठवलेली लिंक मी पूर्ण बघितली. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. दर तीन मिनिटांनी देवदूत वाक्याच्या मध्येच थांबतो, टाइल्सची नाहीतर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते, आणि मग तो पुन्हा जगाचा अंत सांगायला लागतो. यूट्यूबवर आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या पोटात जाहिराती घालता येतात. म्हणून न्यायाचा दिवस कधी सात मिनिटांत उरकत नाही. सुरुवातीला 'हा संदेश तू टाळलास तर पुन्हा मिळणार नाही', शेवटी 'आमेन लिही आणि सात जणांना पाठव'. मधल्या मजकुरात तारीख सोडली तर हाताला लागेल असं काही नाही. आवाज संगणकाचा आहे हे मला दोन जागी कळलं. बायबलमधल्या पत्राचं नाव, 'थेस्सलनीकाकरांस', म्हणताना तो असा अडखळला की रविवारच्या शब्बाथ शाळेतली पोरंही हसतील. आणि अकरा मिनिटांत त्याने एकदाही श्वास घेतला नाही.

असा व्हिडिओ करायला आता स्टुडिओ लागत नाही, मराठी यावं लागत नाही, आणि ख्रिस्तावर विश्वास तर मुळीच लागत नाही. मजकूर लिहायला एक यंत्र, आवाजाला दुसरं, चित्राला तिसरं. हाच देवदूत तमिळ बोलतो, पोर्तुगीजही बोलतो. २०२४ च्या सुरुवातीला फेसबुकवर कोळंबीच्या अंगाचा येशू फिरत होता, समुद्रातून वर येणारा, हातांच्या जागी कोळंब्या. खाली हजारो 'आमेन'. ती पानं चालवणाऱ्यांना धर्माशी देणंघेणं नव्हतं. येशूच्या चित्राखाली लोक थांबतात, आमेन लिहितात आणि पान वर चढतं, एवढंच त्यांना कळलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ निवडून आले, त्यांनी दोनच दिवसांत कार्डिनलांपुढे एआयचा विषय काढला, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्याच तोंडी घातलेली खोटी प्रवचनं यूट्यूबवर फिरायला लागली. कुणीतरी त्यांना विचारलं की तुमची एआय प्रतिकृती करू का, लोकांना बोलता येईल, तर त्यांनी साफ नाही सांगितलं. आपण प्रोटेस्टंट, आईला पोपचं कौतुक असेल-नसेल, पण ही गोष्ट तिला सांग. एआयबद्दल काळजी वाटणारी ती एकटी नाही, आणि ती काळजी मूर्खपणाची नाही. काळजीच्या नावाखाली तिला जे विकलं जातंय, ते वेगळं.

तुझ्या आईचा सगळा भरवसा प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायातल्या १५ व्या वचनावर आहे, हे मी न विचारताच सांगते, कारण हे सगळे व्हिडिओ तिथूनच सुरू होतात. श्वापदाच्या मूर्तीत प्राण घातला जातो आणि मूर्ती बोलू लागते. बोलणारी मूर्ती म्हणजे एआय, झालं सिद्ध. पण योहानाने हे लिहिलं ते पहिल्या शतकाच्या शेवटी, आजच्या तुर्कस्तानातल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना, आणि त्या काळी बोलत्या मूर्ती ही काही न ऐकलेली गोष्ट नव्हती. पुढच्याच शतकात काळ्या समुद्राच्या काठी अबोनोटायखस नावाच्या गावात अलेक्झांडर नावाच्या माणसाने एक सर्पदेव आणला, नाव ग्लायकॉन. साप खरा, त्याला माणसासारखं दिसणारं कापडी डोकं. हे डोकं बोलायचं. लुसियन नावाच्या लेखकाने त्यातली कळ लिहून ठेवली आहे: करकोच्यांच्या श्वासनलिका एकाला एक जोडून नळी केलेली, तिचं टोक डोक्यात, आणि दुसऱ्या टोकाला बाहेर बसलेला माणूस उत्तरं देतोय. साध्या प्रश्नाला एक द्राख्मा आणि दोन ओबोल असा दर. पण देव स्वतःच्या तोंडाने बोलणार असेल तर ते सगळ्यांसाठी नाही, भरघोस दक्षिणा देणाऱ्यांसाठीच.

मला ही गोष्ट फार आवडते. अठराशे वर्षांत नळी बदलली, दर बदलला, बाकी काही नाही. तू आईशी वाद घालतेस तो डोकं खरं की खोटं यावर. त्याऐवजी दोघी मिळून नळीचं दुसरं टोक शोधा. हे काम तिला जमेल. चिठ्ठी कुणी लिहिली हे अक्षरावरून ओळखणारी बाई आहे ती.

कसं शोधायचं? तिने पैसे पाठवले तेव्हा पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव आलं असणार. ते व्यवहार उघडून दोघी बघा. माझ्याकडे आलेल्या अशाच एका प्रकरणात 'स्वर्गीय सेवे'चा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचं नाव निघालं होतं. (क्यूआर कोड मात्र कधी श्वापदाचा नसतो, हे एक बरं. पण हे आईपुढे बोलू नकोस, टोमणा लागेल.) मग चॅनेल उघडा, सगळ्यात जुना व्हिडिओ बघा. बऱ्याचदा वर्षभरापूर्वी तिथे क्रिकेट किंवा कर्जमाफीच्या बातम्या असतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या व्हिडिओवर दोन बाण आणि 'खूप वेळा फॉरवर्ड केलेला' असं असेल तर सांग, हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही, ते निदान पाच हातांतून फिरून आलंय. पैशांचं म्हणशील तर स्वखुशीने दिलेलं दान परत येणं अवघड, पण फसवणूक वाटत असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकाला फोन करून तक्रार नोंदव. ती जितकी लवकर तितकी बरी.

आणखी एक गंमत करून बघ, आई तयार असेल तरच. तिच्या शेजारी बसून फोनवरच्या चॅटबॉटला सांग, पोहे खाणाऱ्यांवर येणाऱ्या संकटाबद्दल देवदूताच्या गंभीर आवाजात दहा वाक्यं लिही. अर्ध्या मिनिटात येतील. 'हे पोहे खाणाऱ्या लेकी, घडी जवळ आली आहे.' तिला हसू आलं तर अर्धं काम झालं. नाही आलं तर सोडून दे, पुन्हा कर म्हणून मागे लागू नकोस.

पोह्यांचं सुचलं त्याला कारण आहे. १९९९ च्या डिसेंबरात आमच्याकडे संगणक बंद पडणार, बँका बुडणार, ख्रिस्तविरोधक येणार अशी हवा होती. माझ्या आत्याने रॉकेलचे दोन डबे आणि दहा किलो पोहे भरले होते. ३१ तारखेच्या वॉचनाइटला, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, ती शाल पांघरून, चपला हातात घेऊन बसली होती. वर उचलली जाताना चपला पडतील म्हणून. बारा वाजले, सगळ्यांनी एकमेकांना सलाम केला, चहा प्यायला. ईस्टरपर्यंत आम्ही कुबट वासाचे पोहे खात होतो. आत्या कधी एक शब्द बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आज वाटतं विचारायला हवं होतं. ती तेव्हा किती घाबरली असेल, आणि आम्ही पोरं तिच्या पाठीमागे फिदीफिदी हसत होतो.

हे तारखांचं प्रकरण जुनं आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या हिशेबावरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नव्हतं. हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवाल्याने आधी १९९४ सांगितलं, मग २१ मे २०११, मग त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर. जगभर फलक लागले, लोकांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली. पण २०१२ मध्ये त्या म्हाताऱ्याने जाहीर पत्र लिहून तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं, आणि या सगळ्या मंडळीत मला त्याच्याबद्दलच थोडा आदर वाटतो. अगदी अलीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्हलाकेलाने २३-२४ सप्टेंबर २०२५ सांगितलं. काहींनी गाड्या विकल्या. २५ तारीख उजाडली तेव्हा नवी तारीख ऑक्टोबरची निघाली. आता गंमत बघ, कॅम्पिंगला पत्र लिहून माफी मागावी लागली कारण त्याला नाव होतं, चेहरा होता, श्रोते त्याला रस्त्यात गाठू शकत होते. आईच्या देवदूताची तारीख चुकली की तो व्हिडिओ रात्रीत उडवला जातो. माफी मागायला तिथे कुणी नसतंच.

खुणेचंही तसंच. २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ओहायोमध्ये बारकोड लावलेलं पहिलं च्युइंगम पाकीट स्कॅन झालं, आणि थोड्याच वर्षांत त्यातल्या लांब रेघांत लोकांना ६६६, म्हणजे प्रकटीकरणातला श्वापदाचा आकडा, दिसायला लागला. त्या बारकोडची रचना करणारा जॉर्ज लॉरर आयुष्यभर सांगत राहिला की तो निव्वळ योगायोग. मग क्रेडिट कार्ड, मग आपल्याकडे आधार. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी खरोखर आधार घ्यायला नकार दिला. मग करोनाची लस. आता एआय. बहुतेक अभ्यासक मानतात की ६६६ हा 'नीरो कैसर' या नावाच्या हिब्रू अक्षरांचा हिशेब आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नीरोचं नाव लॅटिन वळणाने लिहिलं तर बेरीज बरोबर ६१६ येते. म्हणजे योहानाच्या वाचकांना तो बादशहा कोण हे माहीत होतं. त्यांना भविष्याचं कोडं घातलेलं नव्हतं, अत्याचारी माणसाचं नाव उघड न घेता सांगितलं होतं. पण हेसुद्धा लेक्चरसारखं नको. तुझी आई शिक्षिका आहे. तिला शिकवायला गेलीस की हरलीस. तिलाच शिकवू दे.

म्हणजे असं. या शनिवारी जा. रात्री जेवण झाल्यावर, मागची कामं आवरल्यावर, पप्पा असताना कुटुंब उपासना जशी व्हायची तशी करा. तिचं बायबल काढ, फोनवरचं नको. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा असतील. म्हण, मम्मी, मला ते श्वापदाचं नीट समजलं नाही, मोठ्याने वाच. ती १३ वा वाचेल. संपला की थांबू नकोस. व्हिडिओ तिथे थांबतात, तू म्हण, पुढचा पण वाच. १४ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात कोकरा, म्हणजे ख्रिस्त, सीयोन डोंगरावर उभा आहे, आणि त्याच्याबरोबरच्या लोकांच्या कपाळावरही काहीतरी लिहिलेलं आहे. त्याचं नाव आणि त्याच्या पित्याचं नाव. कपाळं तीच. मी स्वतः चाळीशीत पहिल्यांदा हे दोन अध्याय सलग वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आपल्या लोकांनी बायबल मराठीत यावं म्हणून काय नाही केलं! पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं भाषांतर केलं. ते अर्धं वाचून सोडायला नाही.

तारखेबद्दल तिने विचारलं तर मत्तय २४ मधलं ३६ वं वचन तिलाच पाठ असणार. देवदूतांनाही माहीत नाही असं तिथे लिहिलंय. मग हा कोणता देवदूत, ज्याला तारीख माहीत आहे? हा प्रश्न विचार आणि गप्प बस. उत्तराची वाट बघू नकोस. आठवडाभराने येईल.

पाळकसाहेबांना सांगायचं का? सांग, पण आधी त्यांचं स्टेटस बघून घे. माझ्या ओळखीत तीन पाळक हेच व्हिडिओ पुढे ढकलतात. तुमचे तसे नसतील तर त्यांना एवढंच सांग की मम्मीकडे चहाला या, आणि महिला मंडळात तिला वचनवाचन द्या. एआयवर उपदेश नको.

फोनमधली सफाई तिच्या समोर कर, चोरून नको. त्या व्हिडिओच्या बाजूचे तीन ठिपके दाबून 'हे चॅनेल सुचवू नका' निवड, पाहिलेल्यांची यादी पुसून टाक, आणि तिच्या आवडीची जुनी भजनं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं, कुणा चांगल्या मराठी पाळकाचे उपदेश असं दहा-पंधरा वेळा लाव. यंत्र बिचारं आज्ञाधारक असतं. जे बघाल ते आणून देतं. दोन आठवड्यांत पडदा बदलतो.

झोपेकडे मात्र लक्ष दे. दोन वाजेपर्यंत जागरण, वर उपास चालू असेल आणि बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ने. व्हिडिओ बंद असतानाही आवाज ऐकू येतो असं म्हणाली तर थांबू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा, मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि आता ते एक वाक्य, ज्याच्यापाशी मी पत्र वाचताना थांबले होते. 'तो तिला माझ्या लेकी म्हणतो.' तू हे सहज लिहिलंस. ६९ वर्षांच्या विधवा बाईला 'लेकी' म्हणणारं आता कुणी उरलं नसतं, बाळ. आईबाप गेले, भाऊ असला तर तोही म्हातारा, नवरा गेला. दिवसभर ती कुणाची मम्मी, कुणाची बाई, कुणाची आजी. रात्री अकरा वाजता एक आवाज येतो आणि तिला लेक म्हणतो. भीती घालतो खरा, पण आधी हाक मारतो. तू फोन किती वाजता करतेस ते पत्रात नाही. मी अंदाज करते, ऑफिसमधून घरी जाताना, गाडीत, हॉर्नच्या आवाजात. वेळ बदलून बघ. रात्री साडेनऊला कर, त्या देवदूताच्या आधी. जेवणाची चौकशी दोन मिनिटांत आवर आणि तिला काहीतरी विचार ज्याचं उत्तर लांब आहे: पहिल्या शाळेत सायकलवर कशी जायची, पप्पांनी पहिलं पत्र कुणाच्या हाती पाठवलं होतं.

राहता राहिले २० किलो तांदूळ. फेकायला लावू नकोस, परत करायलाही नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. मग नाताळच्या आधी मंडळीच्या प्रीतिभोजनाचा विषय निघेल तेव्हा, मम्मी, तांदूळ कुठून आणायचे गं, एवढंच तिच्या कानावर घाल.

तुझी,
ताई